जॉर्जच्या नावात मधे कोण?

गेल्या रविवारी विहीणबाईंकडे जेवायला गेलो होतो. विहीणबाई म्हणजे माझ्या सुनेची, मेगनची आई कॅरल. अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनी गावापासून तासाभरावर एकटीच राहते... माझ्यासारखीच नवरा गेलेली. इथल्या पद्धतीप्रमाणे आम्ही एकमेकींना नावानंच हाक मारतो.

कॅरलला तिच्या पणजोबांचं मूळ सापडत नव्हतं. जॉर्ज बार्लो प्रॅट. दीडेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या एका खेड्यातून इकडे आलेला साधा गवंडी. त्याला लहानपणी आईबापांनी टाकून दिलं, असं त्यांच्या घरात कायम बोललं जायचं.

कॅरलचे वडील तर शेवटपर्यंत म्हणायचे, "आपण कुणालाच नको असलेली माणसं." हे तिच्या मनाला फार लागलेलं. ते खोटं ठरावं म्हणून ती कितीतरी वर्षं त्या गावच्या चर्चच्या नोंदी लॅपटॉपवर बघतेय. पण त्या गावात जॉर्ज प्रॅट नावाचं मूल जन्मलेलंच नाही!

जेवणानंतर तिनं मलाही ते सगळं दाखवलं. माझं इंग्रजी पुस्तकं वाचून शिकलेलं. वाचते बरी, बोलताना अडखळते. पण तेव्हा पटकन बोलून गेले, "म्हणजे वडिलांचं नाव बार्लो. मग त्या बार्लोला शोध ना."

सगळे हसले. माझा मुलगा निखिल म्हणाला, "आई, इथे प्रत्येकाच्या नावात मधे बाप बसलेला नसतो गं!" मेगननं समजावलं, "आई, मिडल नेम काहीही असतं. जस्ट एखादं आवडलेलं नाव." मी ओशाळले आणि भांडी आवरायला उठले...

तेवढ्यात कॅरलची हाक आली. "सुनंदा! कम हिअर!"

तिनं आपलं सहज बार्लो हे आडनाव घालून बघितलं होतं. आणि निघाला की जॉर्ज बार्लो! तेच गाव, तेच वय. वडील थॉमस बार्लो, मूल नीट चालायला लागायच्या आतच वारलेले. पुढे आई अ‍ॅननं प्रॅट नावाच्या माणसाशी लग्न केलं. त्यानंतरच्या जनगणनेत नवरा, बायको आणि छोटा जॉर्ज, तिघं एकाच घरात. जॉर्ज आता प्रॅट झालेला.

म्हणजे माझं तसं चुकलंच. बार्लो हे वडिलांचं नाव नव्हतं, आडनाव होतं. पण मधे बसलेला बापच होता!

कॅरल खुर्चीत मागे टेकली. "नोबडी थ्रू हिम अवे," त्याला कुणी टाकलंच नव्हतं, एवढंच म्हणाली. मग बराच वेळ डोळे पुसत होती, आणि मधेच हसत होती. इतकी मोकळी झालेली मी तिला कधी पाहिली नव्हती.

मला मात्र अ‍ॅन आठवत राहिली. दुसरा संसार मांडला, पण पहिला माणूस पुसला गेला नाही. ते नाव तिनं जपलं की मोठेपणी जॉर्जनं, कोण जाणे...

निघताना कॅरलनं विचारलं, "मग तुझ्या नावात मधे कोण आहे?"

इथल्या माझ्या सगळ्या कार्डांवर यांचं नाव नुसतं एका अक्षरापुरतं उरलंय. हे गेल्यापासून लोक त्यांचा विषय टाळतात, मला त्रास होईल म्हणून. त्या दिवशी मी पर्स खाली ठेवली, परत खुर्चीत बसले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिला यांच्याबद्दल सांगत राहिले. मुलं गाडीत वाट बघत होती... बघू दिली.

कॅरल, विचारलंस, फार बरं वाटलं.