तळटीप एक्केचाळीस

सोनम बंडगरने आयुष्यात एकदाच उंटाचा दोरा केला, आणि तो तिला अकरा वर्षं पुरला.

मुरारजी पेठेतल्या ज्या छोट्या प्रकाशनात ती टायपिंग करते, तिथे ख्रिस्ती धर्मशास्त्राची पुस्तकं निघतात. पाळकांनी म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी अभ्यासावेत असे जाडजूड, तळटिपांनी लगडलेले ग्रंथ. सोनम मंद्रूपची, धनगराची पोर. घरी बिरोबा, ऑफिसात येशू, आणि दोघांचं तिच्यावरून कधी वाजलेलं नाही.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात एका हस्तलिखितात येशूचं वाक्य तिच्यापुढे आलं: श्रीमंताने स्वर्गात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नेढ्यातून जाणं सोपं. सुईतून उंट कशाला जाईल, लेखकाला डुलकी लागली असणार, असं समजून तिने मोठ्या मनाने तिथे दोरा घातला. पुस्तक छापून आलं आणि श्रीमंतांना स्वर्ग एकदम सोपा झाला. मग ‘दोरा ऐवजी उंट वाचावे’ अशा पाचशे चिठ्ठ्या पाचशे प्रतींत डिंकाने चिकटवत ती आठवडाभर बसली. संपादक आप्पांनी तिच्या कॉम्प्युटरच्या कडेला स्वतःच्या हाताने कागद डकवला: जे लिहिलंय तेच. पुन्हा असं झालं तर दुसरीकडे काम बघायचं, हेही त्यांनी सांगून टाकलं.

तेव्हापासून सोनमने मजकुराच्या अर्थात बोट घातलं नाही. टाइप करताना बोटं चालायची आणि डोकं घरी असायचं, त्यामुळे ते जडही गेलं नाही. अडचण एकच होती. उंटाच्या त्या प्रकारानंतर आप्पांच्या इथे शेवटचं प्रूफ डोळ्यांनी नाही, तोंडाने वाचतात. सोनमने छापील मजकूर विरामचिन्हांसकट मोठ्याने म्हणायचा आणि समोर बसलेल्या लेखकाने आपल्या हस्तलिखितावर बोट फिरवत जायचं. ही सवय इतकी मुरली होती, की आईशी फोनवर बोलतानाही ती कधी कधी पूर्णविराम म्हणून फोन ठेवायची.

यंदाच्या मार्चमध्ये डॉ. देवदान रणपिसे यांचा ग्रंथ वाचनाला आला. निवृत्त प्राध्यापक, शिस्तीचा माणूस. पाळकाने सेवा करताना बरं-वाईट कसं ठरवावं यावर चौदा वर्षं खपून त्यांनी हे पुस्तक लिहिलं होतं. पाळक घडवणारी तीन विद्यालयं ते अभ्यासक्रमाला लावणार होती, तेव्हा यात जे छापलं जाईल ते पोरं पाठ करणार, हे ठरलेलंच होतं.

सातव्या प्रकरणात येशूची ती गोष्ट होती. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, मेंढपाळ नव्याण्णव सोडून त्या एकामागे जातो. डॉक्टरांचा प्रश्न असा, की त्या नव्याण्णवांचं काय? त्यावर अठरा पानं, आणि प्रत्येक पानाखाली जर्मन आणि इंग्रज पंडितांची रांग. सोनम झरझर वाचत होती.

“नव्याण्णव मेंढरे रानात वाऱ्यावर सोडणारा हा मेंढपाळ स्वल्पविराम व्यवहाराच्या दृष्टीने पाहता स्वल्पविराम बेजबाबदार होता…”

पुढचा पूर्णविराम काही तिच्या तोंडातून येईना.

आप्पांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग त्या डकवलेल्या कागदाकडे पाहिलं. सोनमनेही पाहिलं. ती घाबरली होती. अकरा वर्षांची खुर्ची होती तिची, आणि ती तिला मनापासून आवडायची. पण बेजबाबदार म्हणताना तिला आबा दिसले होते, खांद्यावर घोंगडं टाकलेले तिचे वडील. आता ते कसं वाचायचं?

“सर, एकटा धनगर शंभर मेंढरं घिऊन हिंडत न्हाय,” ती म्हणाली. ऑफिसातली मराठी कधी सुटली ते तिला कळलंही नाही. “चार घरं मिळून फिरत्यात. सांजला मेंढरं वाघुरीत घालताना मोजत्यात, तवा कळतं एक कमी हाय. मग एक जण हुडकाय जातो आन् बाकीचं राकणीला बसत्यात. आबा एकदा असं हुडकाय गेलते तवा कोंडीबामामा बसला हुता. वाऱ्यावर कोण सोडंल? तुमच्या गोष्टीतबी त्यो परत आल्यावर मित्र-शेजारी बोलावून आनंद करतो की. राकणीला बसल्यालंच असत्याल त्ये.”

वाघूर म्हणजे मेंढरांभोवती रोवायचं जाळं, एवढंच डॉक्टरांनी विचारून घेतलं. मग कागद गोळा करून पिशवीत भरले आणि निघून गेले.

“यापेक्षा उंट बरा होता,” आप्पा म्हणाले.

आठ दिवस डॉक्टरांचा पत्ता नाही. सोनमने खणातला कंगवा, टिकल्यांचं पाकीट आणि लोणच्याची बरणी एकेक करून घरी नेली. म्हणजे ऐन वेळी धांदल नको.

नवव्या दिवशी डॉक्टर आले, ते बुटांवर काळ्या रानाची धूळ घेऊन. एसटीने मंद्रूपला जाऊन मायाप्पा बंडगरांचं घर त्यांनी विचारत विचारत शोधलं होतं आणि दिवसभर आबांच्या मेंढरांमागे हिंडले होते. संध्याकाळी आबांनी त्यांना मेंढरं मोजायला लावली. तीनदा मोजली, तिन्ही वेळा आकडा वेगळा आला. चौदा वर्षांच्या ग्रंथातली अकरा पानं त्यांनी फाडून नव्याने लिहिली होती. मेंढपाळ आता बेजबाबदार नव्हता. मागे कुणीतरी थांबतं म्हणून एकाला जाता येतं, आणि म्हणून पाळकानेही एकट्याने सेवा करू नये, असं आता तिथे होतं. सोनम पुन्हा वाचायला बसली.

“तळटीप एक्केचाळीस. तोंडी माहिती अपूर्णविराम मायाप्पा बंडगर स्वल्पविराम मेंढपाळ स्वल्पविराम मंद्रूप…”

वर जर्मन पंडित, खाली इंग्रज पंडित आणि मधे आबा. सोनमला रडू कोसळलं. पूर्णविराम आप्पांनी म्हटला.

पुस्तक आलं त्या रविवारी ती प्रत घेऊन मंद्रूपला गेली. आबांना अक्षरओळख नाही. त्यांनी हात धुऊन पुस्तक हातात घेतलं, वजन पाहिलं आणि वाच म्हणाले. तिने सगळं पान वाचलं. आबांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

“ह्यात कोंडीबाचं नाव कुटं हाय?”

सोनमने तळटिपेवरून पुन्हा बोट फिरवलं. तिथे एकट्या आबांचंच नाव होतं.

“मी मेंढरू घिऊन आलो, समद्यांनी माजं कवतिक केलं,” आबा म्हणाले. “त्यो रातभर बसला हुता. त्येला तवाबी कुणी इचारलं न्हाय.”

सोमवारी सोनम आप्पांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, की पाचशे चिठ्ठ्या छापाव्या लागतील. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं, तिच्या कॉम्प्युटरवरच्या त्या कागदाकडे बराच वेळ पाहिलं आणि स्वतः डिंकाची बाटली आणायला गेले. फोन केल्यावर डॉक्टरही आले, बाह्या सरसावून बसले आणि त्यांनी शंभर प्रती उरकल्या. सगळ्या चिठ्ठ्या तिरक्या. सोनमने त्या तशाच राहू दिल्या.

‘तळटीप ४१ मध्ये पुढील नाव वाढवून वाचावे: कोंडीबा हाके, राखणीला थांबलेले, मंद्रूप.’