पाचव्या राउंडची घंटा

मी आयुष्यात एकही ठोसा मारलेला नाही. खाल्लाय फक्त एक, तोही नाटकाच्या तालमीत, समोरच्या नटाचा अंदाज चुकला म्हणून. तरीही एका युक्रेनियन हेवीवेट बॉक्सरच्या जवळजवळ सगळ्या लढती मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. तो चौदा वर्षांचा असताना लढला त्यासुद्धा. थांबा, हसू नका. थापा मारायच्या असत्या तर याहून चांगल्या मारल्या असत्या.

इकडे आखातात, रास अल खोरमध्ये मी गाड्यांच्या सुट्या भागांचं गोदाम सांभाळतो. भिंतीला भिंत लागून दुसरं गोदाम आहे, त्यात बॉक्सिंगची जिम. शुक्रवारी दुपारी आमचा अर्धा दिवस असतो. नमाजाला गेलेली माणसं परत येत नाहीत, शटर खाली येतात आणि उन्हात सबंध गल्ली अशी पांढरी पडते की, स्वतःच्या चपलांच्या आवाजानेही दचकायला होतं. अशाच एका शुक्रवारी साडेसहा फुटांचा एक माणूस माझ्या काउंटरसमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, याला ट्रकचा एखादा भाग हवा असेल.

"माय फ्रेंड," तो म्हणाला, "तुला घड्याळ बघता येतं?"

"येतं की."

"मग चल. मला घंटा देणारा माणूस हवाय."

"जिममध्ये मशीन आहे ना?"

"आहे. पण मशीनला नंतर काही विचारता येत नाही."

आता मला सांगा, मी नाही कसं म्हणणार? गेली पंधरा वर्षं इथल्या आमच्या मराठी नाटकांना घंटा मी देतो. पहिली, दुसरी, तिसरी. पडदा माझ्या हातात, प्रॉम्प्टिंगही माझंच. बायको म्हणते, "घरात तुमचं कुणी ऐकत नाही, म्हणून विंगेत उभं राहून लोकांच्या कानात बोलता." असू दे. आम्ही राहतो त्या साऱ्या करामा वस्तीत घंटेला माझ्यासारखा हात कुणाचा नाही.

जिम बंद होती, किल्ली त्याच्याकडे होती. मधोमध रिंग, वर पत्र्याचं छप्पर, एसी बंद. रिंगच्या बाजूला पितळेची जाड थाळी टांगलेली, सोबत लाकडी हातोडी. त्याने नियम समजावून दिला. ठोका द्यायचा आणि डावा तळहात थाळीवर टेकवून नाद लगेच मारायचा. तीन मिनिटं झाली की पुन्हा तसंच.

समोर कुणी नव्हतं. तो हवेशीच लढणार होता. सगळे बॉक्सर सरावासाठी असं लढतात. पण हा नुसते हात चालवत नव्हता. प्रत्येक शुक्रवारी तो आपली एक जुनी लढत पहिल्या ठोशापासून शेवटच्या ठोशापर्यंत जशीच्या तशी लढायचा. सुरुवात केली ती खाणीच्या गावातल्या शाळेच्या तळघरापासून. मग हौशी स्पर्धा, तीन-तीन राउंडच्या. मग राष्ट्रीय संघ, एका मोठ्या स्पर्धेत रौप्यपदक. त्यानंतर व्यावसायिक झाला, जर्मनीतल्या छोट्या हॉलमध्ये सलग सतरा वेळा जिंकला. मधल्या वेळात तो टॉवेलने तोंड पुसत मला सांगायचा, "आता येतो तो डावखुरा आहे. डोकं घालतो, हरामखोर."

आणि मला तो डावखुरा दिसायचा! मी नाटकवाला. एकपात्री प्रयोग खूप पाहिलेत, पण असा नट नाही पाहिला. त्याच्या नजरेवरून समोरच्याची उंची कळायची, मान वळवण्यावरून हात कळायचा. मी अगदी खूश. घरी जेवताना मी अभिनय करून दाखवायचो आणि माझी लेक ताटावरून मान वर न करता म्हणायची, "बाबा, दॅट्स सो क्रीपी."

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी माझा आनंद जरा कमी झाला. त्या दिवशी मी त्याच्याकडे न बघता घड्याळाकडे बघत होतो, म्हणून कानांना काम मिळालं. रिंगची जमीन लाकडी फळ्यांची असते, वर कापड. पाऊल पडलं की घुमतं. मी ऐकलं. त्याची पावलं डावीकडे जात होती. आणि उजवीकडून, जिथे कुणीच नव्हतं तिथून, आणखी दोन पावलं येत होती. मी मान वर केली. तो एकटाच. फक्त पलीकडचा दोर हलत होता, आताच कुणी पाठ टेकून सुटल्यासारखा.

"पत्रा तापला की फळ्या वाजतात," मी स्वतःला मोठ्याने सांगितलं. मराठीत. मला दुसऱ्या कुणाला ऐकवायचं नव्हतं.

सतरा विजय संपले. उरली एक लढत, तो हरला होता ती. त्या शुक्रवारी तो रिंगच्या काठावर बसला आणि पहिल्यांदा सगळं नीट सांगितलं.

"पाचवा राउंड. मी जिंकत होतो. घंटा झाली. मी हात खाली केले, कोपऱ्याकडे वळलो. आणि त्याने मारलं. त्यानंतरचं आठवत नाही, थेट हॉस्पिटल."

"घंटेनंतर मारलं? मग चूक त्याची!"

"घंटा झालीच नव्हती. चाळीस सेकंद बाकी होते. रेकॉर्डिंग आहे. हॉलमध्ये कुणीच ऐकली नाही. फक्त मी."

डॉक्टरांनी डोक्याची तपासणी करून सगळं ठीक असल्याचं लिहून दिलं होतं. रास अल खैमा शहरातल्या एका हॉटेलात नवी लढत ठरत होती, रविवारी सही करायची होती. शंका होती ती एकट्या त्याला.

"आज तीच लढत. मला तू दिलेल्याच घंटा ऐकू आल्या, तर मी सही करतो. डोक्यातली एक जरी ऐकू आली, तर नाही. पुन्हा भर रिंगमध्ये हात खाली गेले तर मी उठणार नाही, हबीबी. समजलं?"

समजलं. मी हातोडी हातात घेतली. तिसऱ्या घंटेआधी दोरी घेतो तशीच.

पहिले चार राउंड त्याचं थांबणं नि माझी घंटा एका तालात गेली. पाचव्याला मी घंटा दिली, तळहात टेकवला तो तसाच ठेवला आणि घड्याळाकडे नजर लावली. तो सुंदर लढत होता. पावलं चार वाजत होती, हे मी आता लपवत नाही. दोन मिनिटं झाली. दोन मिनिटं वीस सेकंद. आणि त्याने हात खाली केले. कोपऱ्याकडे वळला.

आता माझी चूक सांगतो. नाटकात नट वेळेआधी विंगेकडे वळला, तर बॅकस्टेजवाला विचार करत बसत नाही. पडदा पाडतो, घंटा देतो, प्रेक्षकांना वाटतं असंच होतं. पंधरा वर्षांत मी असे कित्येक जण सांभाळून घेतलेत. मेंदूला विचारायच्या आत माझा उजवा हात उठला आणि मी ठोका दिला.

त्याच क्षणी त्याची मान उजवीकडे फेकली गेली. घामाचे थेंब दोरापलीकडे उडाले. समोर कुणी नव्हतं. तो एका गुडघ्यावर आला, पण पडला नाही. उठला, माझ्याकडे बघितलं आणि हसला. इतक्या शुक्रवारांत पहिल्यांदा.

"तू दिलीस! घंटा तू दिलीस! मी ऐकली!"

लहान पोरासारखा आनंद होता तो. हो म्हटलं असतं तर रविवारी सही झाली असती. मला ते वाक्य देणं इतकं सोपं होतं, आयुष्यभर दुसऱ्यांना वाक्यंच तर देत आलोय.

"दिली," मी म्हणालो. "पण तुझे हात आधी खाली गेले. मग मी दिली. सांभाळून घ्यायला. सवय आहे माझी, सॉरी."

त्याचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू उतरलं.

"किती नंतर?"

"अर्धा सेकंद."

"नक्की?"

"नक्की."

एवढंच मी त्याला सांगितलं. तुम्हाला मात्र पूर्ण सांगतो. ठोका द्यायला मी उजवा हात उचलला, तेव्हा डावा थाळीवर टेकलेलाच होता. आणि हातोडी लागायच्या आधी, माझ्या तळहाताखाली, ती थाळी थरथरत होती. कुणीतरी आताच वाजवल्यासारखी. हे त्याला कळलं असतं, तर त्याने त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला असता. माणूस लावतोच. मग मी रास अल खैमाला पुढच्या रांगेत बसून काय बघितलं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

तो रिंगमधून उतरला. दातांनी हातावरच्या पट्टीचं टोक सोडवलं आणि दोन्ही हात सावकाश मोकळे केले. फोन उचलला, पत्र्याच्या दाराशी उन्हात जाऊन उभा राहिला. त्याच्या भाषेत बराच वेळ बोलत होता. पलीकडे लढत ठरवणारा माणूस ओरडत असावा, हा शांत होता. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. शेवटचा शब्द तेवढा कळला, तो इथल्या आम्हा सगळ्यांचाच आहे.

"खलास," तो म्हणाला आणि फोन ठेवला.