रामरामाशिवाय दूध

संगमनेरच्या बसस्टँडमागं, पशुखाद्याच्या दुकानाच्या माडीवर यशोधरा गेली आठ वर्षं सॉफ्टवेअर इंजिनिअर होती, म्हणजे फोन उचलत होती. तिच्या राधाकृष्ण सरांनी गावोगावच्या दूध संकलन केंद्रांसाठी एक प्रोग्रॅम केला होता. सभासदानं दूध घातलं की वजन आणि फॅट नोंदवायचं, पावती काढायची, एवढंच खरं त्याचं काम. पण सरांचं एवढ्यात भागेना. त्यांनी त्यातच खाद्यविक्री घातली, जनावरांच्या डॉक्टरची वही घातली आणि वर स्वतःचा आवाज घातला. प्रोग्रॅम उघडला की स्पीकरमधून सर प्रकट होत, ‘राम राम मंडळी, शुभ प्रभात! मी राधाकृष्ण आपल्या सेवेत हजर आहे.’ पुढं स्वच्छ दुधाचं महत्त्व. दुपारनंतर ‘शुभ संध्याकाळ’, महत्त्व तेच. हे बावीस सेकंद ऐकून घेतल्याशिवाय काट्यावर थेंबभर दूध चढत नसे.

आणि हे सगळं एकाच गाठोड्यात. डॉक्टरच्या वहीत एका लशीचं नाव बदललं, तरी एकशे तीस केंद्रांवर अख्खा प्रोग्रॅम पुन्हा बसवायचा. ज्या गावात डॉक्टर फिरकतही नाही तिथंसुद्धा. मग केंद्रांचे सचिव फोन करत आणि यशोधरा सांगे, ‘बंद करून चालू करा.’ चूक कुणाची असं कुणी विचारलंच, तर उत्तर तयार होतं, ‘बजरंगचं काम आहे ते.’ बजरंग तिच्या आधीचा प्रोग्रॅमर. तो सात वर्षांपूर्वी पुण्याला गेला, तेव्हापासून संगमनेर तालुक्यात जे जे बिघडलं ते त्यानंच बिघडवलं होतं.

यशोधराला या गाठोड्याच्या पुड्या बांधायच्या होत्या. दुधाचं पॅकेज वेगळं, खाद्याचं वेगळं, डॉक्टरचं वेगळं. ज्याला जे लागतं त्यानं तेवढंच बसवावं, आणि एक बदललं तर बाकीच्यांची झोपमोड होऊ नये. फोन निम्म्यावर येतील आणि आपण एकदाचं शिकलो ते काम करू, एवढी साधी तिची आस होती. तिनं सरांना तीनदा विचारून पाहिलं.

“चुली वेगळ्या झाल्या की घर मोडतं,” सर म्हणायचे.

“सर, घरात एकाला पडसं झालं म्हणून सगळ्यांना सलाईन लावत नाही कुणी.”

चौथ्यांदा सर वैतागले. “एक केंद्र घे, एक दिवस घे. सकाळ-संध्याकाळ दूध न अडता गेलं तर कर तुझ्या पुड्या. अडलं तर हा विषय बंद, आणि रिटायर होईपर्यंत फोन तुझ्याकडे.”

तिनं कोंडीराम नानांचं केंद्र निवडलं. नानांचा कॉम्प्युटर सगळ्यांत जुना होता, हे तिनं सरांना सांगितलेलं कारण. नाना गेली दोन वर्षं स्पीकरमध्ये बोळा कोंबून सरांना गप्प करत होते, हे न सांगितलेलं. तिनं पॅकेजं केली चार. चौथ्यात सरांचा आवाज एकटाच घातला आणि नानांकडं बसवायला ती नेमकी तीनच घेऊन गेली.

सकाळ झकास पार पडली. प्रोग्रॅम उघडला आणि लगेच काटा सुरू झाला. “जय भीम, ताई,” नाना फोनवर म्हणाले, “लई दिसांनी सकाळ शांततेत गेली.”

संध्याकाळी सर स्वतः पाहायला आले आणि खुर्ची ओढून बसले. रांगेत पहिल्या गोजरबाई. त्यांनी कॅन रिकामा केला, नानांनी बटण दाबलं आणि स्क्रीनवर अक्षरं आली, ‘आपले आज सकाळचे दूध जमा झालेले आहे.’

“पुन्हा घेत न्हाई म्हनतंय,” नाना म्हणाले.

“सकाळचं सकाळी घातलं,” गोजरबाई म्हणाल्या. “ह्ये म्हशीनं आत्ता दिलंय. तिला सांगू का, बाई, तुजं झालंय म्हनून?”

मागची रांग हसली. नानांनी बंद करून चालू केलं. स्क्रीनच्या लेखी अजून सकाळच होती. रांगेत पन्नास माणसं, साडेसातला टँकर, आणि उकाडा असा की दूध फार वेळ वाट पाहणार नाही.

“माझं पॅकेज टाकून बघ,” सर अगदी मऊ आवाजात म्हणाले.

दुसरा इलाजच नव्हता. तिनं चौथं पॅकेज बसवलं. राम राम झाला, शुभ संध्याकाळ झाली, स्वच्छ दुधाचं महत्त्व झालं आणि गोजरबाईंची पावती सुर्रकन बाहेर आली. सरांचा चेहरा नुसता फुलला. “बघा मंडळी,” ते रांगेला म्हणाले, “माझ्या आवाजाशिवाय दूध जात नाही.” यशोधराला तो कॅन उचलून स्वतःच्याच डोक्यावर पालथा घालावासा वाटला.

तिकडं रांग सरकू लागली, इकडं ती कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली. घोळ सापडायला फार वेळ लागला नाही. आत्ता सकाळ आहे की संध्याकाळ, हे घड्याळाला फक्त सरांचा राम राम विचारत होता, कारण त्याला प्रभात म्हणायचं की संध्याकाळ ते ठरवायचं होतं. दुधाची नोंद मग त्यालाच विचारून घेई. तो जागेवर नसला तर ती सकाळ धरून चाले. सकाळी सगळं सुरळीत झालं ते निव्वळ नशिबानं. ‘काय अक्कल या बजरंगची,’ असं पुटपुटत तिनं प्रोग्रॅममधली ती ओळ कुणी लिहिली त्याची नोंद उघडली. तिथं ‘यशोधरा’ असं होतं.

तारीख तिच्या नोकरीच्या दुसऱ्या महिन्यातली. एकच गोष्ट घड्याळाला दोनदा कशाला विचारायची, असा शहाणपणा आपण केला होता, हे तिला लख्ख आठवलं.

“सापडलं?” सर जवळ आले. “कुणाचं काम?”

स्क्रीन तिच्याकडं होती. ‘ब’ ओठावर आलासुद्धा होता. पण आठ वर्षांत पहिल्यांदाच तिला स्वतःची मनापासून लाज वाटली.

“माझं,” ती म्हणाली.

सरांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, “गेल्या महिन्यात बजरंगचा फोन आला होता. आई थकलीय त्याची, गावाकडं परत यायचं म्हणत होता. मी नको म्हटलं. तू त्याचे एवढे पराक्रम सांगायचीस.”

तिनं मान खाली घातली आणि काम केलं. घड्याळाचं एक एवढंसं पाचवं पॅकेज केलं. आता दूधही त्यालाच विचारणार आणि राम रामही त्यालाच. मग सरांकडं न पाहता तिनं त्यांचा आवाज काढून टाकला. पुढच्या कॅनची पावती आली. वर ‘संध्याकाळ’ छापलं होतं. साडेसातला टँकर भरून गेला.

“अडलं होतं,” जाताना सर म्हणाले. “शर्त तू हरलीस.”

“हो सर.”

“पण कोण कुणावर टेकलंय, ते आज कळलं तरी. एकत्र होतं तोवर कुणाला पत्ता नव्हता.” त्यांनी गप्प बसलेल्या स्पीकरकडं एकदा पाहिलं. “कर पुड्या. एकटीला जमायचं नाही. बजरंगला विचार. तूच विचार.”

गाडीपाशी उभं राहून तिनं फोन लावला. “बजरंगदादा, मी यशोधरा.”

“बोल,” तो म्हणाला. “आता काय बिघडलं माझ्यामुळं?”

म्हणजे पुण्यापर्यंत सगळं पोचत होतं. तिनं आजचं सगळं सांगितलं. ओळ, तारीख, नाव. काही लपवलं नाही. मग परत येणार का, असं विचारलं.

“येतो,” सगळं ऐकून तो म्हणाला. “पण पॅकेजं मी करणार. फोन कोण उचलणार?”

यशोधरानं डोळे मिटले.

“मी,” ती म्हणाली.