माहितीपटात राहिलेला अंतरा

रविवारी सकाळी अमळनेरला मित्राच्या घरी आम्ही चार-पाच गाण्याचे शौकीन जमलो होतो. आमच्या लाडक्या संगीतकारावरचा माहितीपट टीव्हीवर लागला होता. शेजारच्या घरी शिंदखेड्याहून पाहुण्या म्हणून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई सूर ऐकून दारात आल्या. आम्ही खुर्ची पुढे केली, पण त्या पंख्याखाली फरशीवर मांडी घालून बसल्या आणि गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला.

माहितीपटात बंदिश जरा रंगू लागली, की मध्येच कुणीतरी बोलायला लागे. असं बऱ्याचदा झालं. पुन्हा एकदा मुखड्यावरच गाणं तुटलं, तेव्हा त्या बाईंनी पुढचा अंतरा स्वतःच उचलला. आवाज जाडसर, थोडा घोगरा, पण वरच्या षड्जावर जाताना जराही डगमगला नाही.

“अक्का, कार्यक्रम ऐकू द्या ना,” आमच्यातले एक नाना वैतागून म्हणाले.

बाई अंतरा संपवून, समेवर आल्यावरच बोलल्या.

“अर्धं गानं सोडानं नही, भाऊ. त्यासनी बठ्ठं बांधेल शे.”

संगीतकाराने गाणं अख्खं बांधलंय, ते अर्ध्यावर सोडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मित्राने टीव्हीचा आवाज बंद केला. पडद्यावरची माणसं नुसती तोंडं हलवत राहिली. मला बाईंचं नाव विचारायचं होतं, गाणं कुठे शिकलात तेही विचारायचं होतं. पण तेवढ्यात नानांनीच कोपऱ्यातली पेटी पुढे ओढली.

“अक्का, कुठली पट्टी धरू?”

“तुले जमी ती धर,” बाई म्हणाल्या. “मी पोचसू.”