लँडलेडीचं कूळ

गोंदियात मास्तरणीचं शिक्षण घेताना मी एका विधवा बाईकडं भाड्यानं राहत होते. आमच्या इंग्रजीच्या बाई तिला ‘लँडलेडी’ म्हणायच्या. मला शब्द उकरायची खोड, म्हणून जाड कोश उघडला. लँड म्हणजे जमीन, हे ठाऊकच होतं. पण ‘लेडी’चं कूळ शोधत गेले तर मुळाशी निघाली पावाचं पीठ मळणारी बाई! आणि ‘लॉर्ड’ म्हणजे तो पाव राखणारा. मळायचं हिनं, राखायचा त्यानं. साहेबाच्या देशातही हीच रड, हे वाचून मला चक्क बरं वाटलं.

सुट्टीत गावी, सौंदडला गेले तेव्हा आईला हे सांगितलं. बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीखालची आमची बांधी, ते भाताचं खाचर, ती तीस वर्षं रोवत आली होती. चिखलानं तिच्या पायाची बोटं कुजायची, पण धान वडिलांचं म्हणायचे.

"पन त्या पीठवालीच्या नावानं जमीन केलीच ना त्याईनं?" आई म्हणाली. "मलेबी तेवढी एक बांधी माह्या नावानं पायजे."

पुढं वडील वारले. तोवर नवा कायदा आला होता. बायकोला आणि मुलीलाही वाटा. तेरावं आटोपताच भावानं पटवाऱ्याला घरी बोलावलं. आम्हा दोघींच्या हक्कसोडीचा कागद तयारच होता आणि शेजारी माझ्यासाठी नवं लुगडं. आमच्याकडं रीतच तशी, बहिणीनं हक्क सोडायचा आणि लुगडं नेसून माहेर राखायचं.

"कायले येळ लावून राहिली?" भाऊ म्हणाला. "माह्या दारात यायचं हाये का नाही तुले?"

मला कायदा पाठ होता. तरी मी भ्याले. वर पटवाऱ्यापुढं इंग्रजीत सही ठोकायची हौस! शिकली तेवढी हुकली म्हणतात, ते खोटं नाही. माझ्यामागून आईनं अंगठा लावला.

त्याच पावसाळ्यात भावानं ती बांधी दुसऱ्याला बटईनं, अर्ध्या पिकाच्या बोलीवर कसायला दिली. आई तळ्याच्या पाळीवर बसून परक्या बायांची रोवणी बघत होती. माझं डोकं फिरलं. "तुले तं बांधी पायजे होती! मंग काऊन लावला अंगठा?"

"मी तुह्याच तोंडाकडं पाहून राहिली होती," आई म्हणाली. "तू शिकलेली. तू सही केली, तं मले वाटलं, बाईले जमीन भेटतच नसन."