खळ्यावरचं पहिलं माप

निजाम सरकारला आमच्या ज्वारीतून लेव्ही हवी होती, तीही रास घरी जायच्या आधी, थेट खळ्यावर. गोरगरिबांसाठी स्वस्त धान्याचं दुकान चालवायचं म्हणून. हेतू चांगला होता, नाही कोण म्हणतं? पण आमच्या गावात राशीतली पहिली मापं सुतार-लोहाराची आणि ज्यांना जमीन नाही अशा विधवांची असत. त्या साली पीक बेताचंच आलं होतं. लेव्ही आधी गेली असती तर त्या बायांच्या पदरात धूळच पडली असती.

वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून खळ्यावर आई उभी होती. मी ज्वारी उपणून नुकतीच रास लावली होती. तेवढ्यात हैदराबादचा साहेब आमच्या पटवाऱ्याला घेऊन आला.

"पहले सरकार का हिस्सा," तो म्हणाला. "ये अनाज गरीबों के वास्ते है."

"गरीब ह्या काय, हितंच बसल्यात," आई म्हणाली. "जालन्याच्या गोदामात नेऊन मंग हितं परत कामून आणता? वाटंत किती सांडतं, बघितलं का?"

"हुकूम है."

आईनं राशीत माप खुपसलं आणि म्हणाली, "लाभ." आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मग मोजणाऱ्याशिवाय खळ्यावर कुणी बोलायचं नाही, बरकत जाते. साहेब ओरडणार, तोच पटवाऱ्यानंच त्याची बाही धरून तोंडावर बोट ठेवलं. पटवारी सरकारचा खरा, पण आमच्या गावचा. आई एकेकीच्या पदरात माप ओतत गेली. मला इतकं हसू येत होतं की मी पदर तोंडात कोंबला.

लेव्ही एका दाण्यानंही कमी झाली नाही. तुटलं ते आमच्या वाट्यातून. पावसाळ्यात कणगी रिकामी झाली, तेव्हा आई त्याच दुकानावर गेली. "जमीनवाल्यांना न्हाई भेटत, मावशी," दुकानदार म्हणाला. त्याचा संताप मला आजही येतो. भावकीतले टोमणे मारत, "आधी पोटोबा, मंग विठोबा. कळत न्हाई का?"

"त्या बायांना पोट न्हाई का?" आई विचारायची.

पुढच्या साली साहेब शहाणा झाला. पटवाऱ्याला मागं ठेवून एकटाच आला. "इस बार माप को हाथ नहीं लगाना," त्यानं आईला बजावलं. आईनं दोन्ही रिकामे हात त्याच्यापुढं धरले.

माप माझ्याकडं होतं. मी ते राशीत खुपसलं आणि साऱ्या खळ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, "लाभ!"