कोकोवन

जिरं तेलात पडल्यावर पहिल्या क्षणी सुटतो तो सुगंध. तिसऱ्या क्षणी येतो तो पश्चात्ताप. या दोहोंच्या मधला जो निसटता दुसरा क्षण, तो ओळखता येणं म्हणजेच सगळं पाकशास्त्र, असं माझा थोरला भाऊ तुळशीदादा सांगत असे. मला तो क्षण कधीच ओळखता आला नाही. स्वयंपाकात नाही, आणि आयुष्यात तर नाहीच नाही! तरी गेली कित्येक वर्षं मी रोज त्याच क्षणाची वाट पाहत, नाकात प्राण आणून चुलीपाशी उभा असतो. हे व्रत माझ्या माथी कसं आलं, ते ऐकायचं असेल तर माझ्यासोबत भिलाईच्या तांबड्या धुळीत थोडं चालावं लागेल.

पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता. मुरमाच्या उघड्या माळावर लोखंडाचे सांगाडे असे वर चढत होते, की जणू एखादं महाकाय जनावर मांसाआधी हाडंच घेऊन जन्माला येत आहे. भंडाऱ्याकडून आम्ही दोघे भाऊ आलो होतो. दादा काँक्रीटची घमेली वाही. मी ठेकेदाराकडे हजेरी मांडी. मी मॅट्रिक होतो ना! इंग्रजीत काठावर पास झालो होतो. पण काठावरच्या माणसालाच आपण समुद्र पोहून आल्याचा भास जास्त होतो. पत्र्याच्या बराकीत अख्खा मुलूख मला ‘बाबूसायेब’ म्हणे, आणि मी ते गंभीरपणे ऐकून घेई.

दिवस मावळताना दादा वीस माणसांचं एक पातेलं चढवी. आंध्रातले, पंजाबातले, ओडिशातले, इथलेच छत्तीसगढी, सगळे त्या पातेल्याभोवती ताटल्या घेऊन बसत. कुणी काही विचारत नसे. भूक हीच तिथली जात होती. पण आम्ही दोघे विसरलो नव्हतो. गावच्या लग्नात आमची पंगत शेवटी, वेगळी आणि दूर बसे. तिथल्या चुलीच्या धगीपर्यंतही दादाचा हात कधी पोहोचू दिला गेला नव्हता. आम्ही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, नवे झालो. गावच्या चुलीला मात्र ते कुणी कळवलं नव्हतं.

म्हणूनच दादाच्या पेटीत एक चोपडी होती. मुंबईच्या एका पाकशिक्षणाच्या शाळेचं माहितीपत्रक, कुण्या साहेबाच्या खानसाम्याकडून मिळवलेलं. त्यात उंच पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं ओळीनं उभी होती. दादाला वाचता येत नव्हतं; तो त्या टोप्यांवरून बोट फिरवी. “तिथं कागद भेटते म्हन्ते,” तो सांगे. “मोहर मारेल कागद. मंग कोनी हाताले नाही विचारत, कोनाचा हाय म्हनून. कागदच दाखवाचा!” किती साधी मागणी होती ही! जगाकडून त्याला मानसन्मान नको होता. आपल्या हातचं लोकांनी निःशंकपणे खावं, आणि ते जाणूनबुजून खावं, एवढंच त्याला हवं होतं.

मुंबईचा अर्ज मी भरून ठेवला होता. फक्त टपालात टाकायचा राहिला होता. आणि नेमकी तेव्हा भरतीच्या तंबूबाहेर एक पाटी लागली.

लोकांच्या तोंडून ते नाव मी आधीच ऐकलं होतं: कोकोवन. काय नाद होता त्या शब्दाला! तपोवन, वृंदावन, कोकोवन! आता पाटीवर इंग्रजीत लिहिलेलं होतं, ‘कोक ओव्हन, ट्रेनिंग’. ओव्हन म्हणजे भट्टी, हे मला ठाऊक होतं. ‘कोक’ पाहून मात्र क्षणभर अडलो, आणि लगेच हसलो. पेंटरनं ‘कुक’चं स्पेलिंग चुकवलं होतं, बिचारा! एक ‘ओ’ गाळून शेवटी भलताच ‘ई’ चिकटवला होता. अज्ञान एकटंच ठेच खातं. अर्धं ज्ञान मात्र दुसऱ्याचं बोट धरून चालतं, आणि दोघांनाही खड्ड्यात नेतं.

“दादा, मुंबईले कावून जातं? इथंच सैपाकाची शाळा खुलून राह्यली! एवढे रशियन सायेब आले, त्यायले कोन खाऊ घालन? शिकता शिकता पगार, आन् वरून पक्की नोकरी!” दादानं चोपडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “तुनं नीट वाचलं ना रे?” मी वाचलं होतं. त्यानं चोपडी मिटली.

पहिल्या दिवशी तो आंघोळ करून, धुतलेला पांढरा सदरा घालून, फडक्यात गुंडाळलेला आपला झारा घेऊन गेला. फोरमन झारा पाहून आधी थबकला, मग पोट धरून हसला. “अरे महाराज, यहाँ खाना नहीं, कोयला पकता है!” आमच्या मुलखात महाराज म्हणतात ते ब्राह्मण आचाऱ्याला. आयुष्यात पहिल्यांदा कुणी दादाला महाराज म्हटलं, ते हे असं! मग त्याला जाड लाकडी तळव्यांचे बूट मिळाले. कारण ज्या भट्टीच्या पाठीवर उभं राहायचं होतं, तिथं साधा जोडा टिकत नसे. संध्याकाळी बराकीत येऊन त्यानं झारा खुंटीला टांगला आणि मला एवढंच विचारलं, “आता कसं करू? मुंबईचा कागद टाकतं का?”

तो होता दुसरा क्षण. जिरं तडतडत होतं, अजून जळलं नव्हतं. “चुकलो दादा” एवढे दोनच शब्द पुरले असते. पण बराकीतली माणसं ऐकत होती, आणि बाबूसायेब चुकतो कसा? मी म्हणालो, “पक्की नोकरी हाय. लोकं तरसतेत. राहून जाय.” चूक माणूस करतोच, ती झाकायला मी माझा भाऊ वापरला.

दादा राहिला. भट्ट्या पेटल्या, कोळसा भाजून त्याचा कोक निघू लागला. सेक्टरात आम्हाला क्वार्टर मिळालं. दादाच्या अंगाला डांबराचा, डांबरगोळ्यांचा, सडक्या अंड्यांचा वास कायमचा चिकटला. मला तो असह्य होई. त्याला मात्र काहीच वाटेनासं झालं. त्याचा अर्थ माझ्या ध्यानात आला, तो एका बुद्धपौर्णिमेला.

त्या दुपारी मैदानात साऱ्या वस्तीसाठी खीर होती. सुजातेनं बुद्धाला दिली होती तशी खीर, आणि करणारा दादा, सर्वांसमोर, सर्वांच्या आग्रहानं! तो मोठ्या कढईत झारा फिरवत होता, चेहऱ्यावर ती माहितीपत्रकातली टोपी घातल्यासारखं तेज. आणि दूध बुडाशी लागलं. करपल्याचा वास रांगेच्या टोकापर्यंत गेला. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. दादा झारा फिरवतच होता. शांतपणे, हसत! पहिला द्रोण त्यानं शेजारच्या म्हाताऱ्या सखूबाईला दिला. “कशी झाली, माय?” तिनं घोट गिळला. “अमृत झालं रे, बापू.” सगळ्यांनी तेच सांगितलं. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला तोंड सावरता आलं नाही.

नाकाचं काय झालं, ते डॉक्टरला सांगता आलं नाही. सर्दी मुरली असेल, म्हणाला. दादानं कुणाला दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी चूल पेटवली आणि मला हाक मारली. “ये बाबूसायेब, उभा राय इथं. तुनं वाचलं होतं ना? आता तूच हुंग.”

तेव्हापासून मी उभा असतो. तेल तापतं, जिरं पडतं, आणि तो भांड्याकडे नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहतो. “आता?” मी हुंगतो, घाबरतो, अडखळतो, नेहमीच क्षणभर उशिरा म्हणतो, “आता.” तो भांडं खाली उतरवतो. वरणावर काळे पडलेले जिऱ्याचे दाणे त्याला दिसतात. डोळे शाबूत आहेत त्याचे. पहिला घास तो सावकाश खातो, आणि त्या पौर्णिमेला सखूबाईनं सांगितलं होतं तसंच, अगदी त्याच मायेनं मला सांगतो, “बराबर वेळेवर सांगतलं रे.”